गेममधला डेव्हलपर मोड खेळणाऱ्यांच्या हाती द्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हलपर मोड म्हणजे नेमकं काय?

गेम तयार होत असताना तो रोज असंख्य वेळा खेळून तपासावा लागतो. अठराव्या लेव्हलमधलं एक दार उघडतंय की नाही हे बघायला कुणी पहिल्या लेव्हलपासून खेळत बसत नाही. म्हणून बनवणारी मंडळी स्वतःसाठी काही सोयी करून ठेवतात. हव्या त्या जागी थेट पोचता येतं, मार लागत नाही, भिंतीतून आरपार जाता येतं, पाहिजे ती वस्तू हातात येते, पडद्याच्या कोपऱ्यात आतले आकडे दिसत राहतात. या सोयी कधी आज्ञा टाइप करायच्या कन्सोलमध्ये असतात, कधी छुप्या मेनूत, तर कधी बटणांच्या एखाद्या क्रमामागे.

गेम बाजारात जायच्या वेळी कंपनीला ठरवावं लागतं: हे सगळं काढून टाकायचं, लपवून ठेवायचं, की गिऱ्हाइकाला वापरू द्यायचं? हे पान त्या निर्णयाबद्दल आहे.

तुमचं मत काय, ते आधी सांगा.

गेम एकट्याने खेळायचा असेल तर डेव्हलपर मोड मिळालाच पाहिजे, आणि तोही अधिकृतपणे. मित्रमंडळींच्या खासगी सर्व्हरवर तो सर्व्हर चालवणाऱ्याच्या हाती असावा. जिथे अनोळखी माणसं रँकसाठी किंवा बक्षिसासाठी खेळतात तिथे तो कुणालाही मिळता कामा नये.

चीटकोड आणि डेव्हलपर मोड या वेगळ्या गोष्टी आहेत का?

मूळ एकच आहे. ‘वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे बी ए’ हा कोनामी कोड घ्या. १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा आर्केड गेम निन्टेंडोच्या घरगुती मशीनवर आणताना काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरला तो तपासायचा होता, पण गेम इतका अवघड की त्याला तो स्वतःलाच पूर्ण करता येईना. म्हणून त्याने सगळी हत्यारं एकदम देणारा क्रम टाकला, आणि तो विकल्या गेलेल्या गेममध्ये तसाच राहिला. पुढे तोच क्रम ‘कॉन्ट्रा’मध्ये ३० जीव द्यायचा. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम ज्यांच्या घरी होता, त्यांना कॉन्ट्रा वेगळा सांगायला नको.

‘डूम’ (१९९३) मधला ‘आयडीडीक्यूडी’ हा अमरत्वाचा कोडही त्याच जातीचा. ‘व्हाइस सिटी’मध्ये ‘पँझर’ टाइप केलं की समोर रणगाडा पडायचा, ‘लीव्हमीअलोन’ टाइप केलं की मागे लागलेले पोलीस पांगायचे. सायबर कॅफेत जाताना हे कोड वहीच्या मागच्या पानावर लिहून नेणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. त्या पिढीने डेव्हलपर मोडच वापरला, फक्त त्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

आपोआप नेम धरणारे किंवा भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारे प्रोग्राम मात्र वेगळे. ते गेम बनवणाऱ्याने दिलेले नसतात, बाहेरून आणून गेममध्ये घुसवलेले असतात. २०१८ साली शांघायमधल्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत एका भारतीय संघाच्या खेळाडूकडे असा प्रोग्राम सापडला आणि चालू स्पर्धेतून अख्खा संघ बाद झाला. हा प्रकार आणि डेव्हलपर मोड यांची गल्लत करून वाद घातला जातो, तेव्हा वाद कुठेच पोचत नाही.

एकट्याच्या गेममध्ये तो ‘मिळालाच पाहिजे’ असं का म्हणता?

सगळ्यात मोठं कारण दुरुस्तीचं. मोठे गेम बगांसकट, म्हणजे चुकांसकट, विकले जातात. दुरुस्तीचा पॅच येतो, पण कधी सहा महिन्यांनी येतो, कधी येतच नाही. तोवर पैसे मोजलेल्या माणसाने काय करायचं?

‘स्कायरिम’चं (२०११) उदाहरण बारकाईने बघण्यासारखं आहे. विंडहेल्म शहरात खुनाच्या तपासाची ‘ब्लड ऑन द आइस’ नावाची क्वेस्ट, म्हणजे पार पाडायची कामगिरी, आहे, आणि ती अडकण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पुढचा संवाद सुरूच होत नाही, ज्याच्याशी बोलायचं तो माणूस ढिम्म उभा. पीसीवर खेळणारा एस्केपच्या खालची टिल्डची कळ दाबतो. गेम थांबतो, खालच्या भागात कन्सोल उघडतो. मख्खासारख्या उभ्या पात्रावर क्लिक केलं की त्याचा क्रमांक वर दिसतो. ‘डिसेबल’ टाइप केलं की ते पात्र नाहीसं होतं, ‘एनेबल’ टाइप केलं की पुन्हा उभं राहतं, आणि पुष्कळदा एवढ्याने ते भानावर येतं. नाहीच आलं तर ‘सेटस्टेज’ लिहून, पुढे क्वेस्टचं सांकेतिक नाव ‘एमएस११’ आणि टप्प्याचा आकडा देऊन गोष्ट पुढे ढकलता येते. दोन खडकांच्या फटीत अडकलात तर ‘टीसीएल’ लिहा, आरपार चालत बाहेर या, पुन्हा ‘टीसीएल’ लिहून भिंती घट्ट करा.

त्याच वेळी प्लेस्टेशन ३ वर तोच गेम घेतलेल्या माणसाकडे आज्ञा टाइप करायचा हा कन्सोल नव्हता. त्याच्याही गेममध्ये तीच क्वेस्ट अडकायची, पण उपाय एकच, आधी साठवलेल्या जुन्या सेव्हवर जा आणि झालेले तास सोडून द्या. पैसे दोघांनीही मोजले होते. दुरुस्तीचं साधन आधीच तयार असताना ते एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाकारायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

सेव्ह खराब होत नाही का?

होऊ शकते, आणि ही भीती खरी आहे. क्वेस्टच्या प्रत्येक टप्प्याला काही घटना जोडलेल्या असतात. कुणी मरतं, कुणी जागा बदलतं, एखादं दार उघडतं. मधले टप्पे गाळून थेट शेवटच्या टप्प्याला उडी मारली तर त्या घटना घडतच नाहीत, आणि परिणाम वीस तासांनी भलत्याच ठिकाणी दिसतो. म्हणून कन्सोल उघडण्याआधी नव्या नावाने वेगळी सेव्ह करा, जुनीवर लिहू नका. एका वेळी एकच आज्ञा द्या आणि थोडं खेळून बघा.

पण त्याने गेमची मजाच जाते, त्याचं काय?

काही जणांची जाते. अमरत्वाची आज्ञा देऊन दोन दिवसांत गेम संपवला आणि मग काहीच वाटलं नाही, असं सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. गेममधलं यश हे अडचणीवर उभं असतं, अडचण गेली की यशही जातं.

पण मजा कुणाची, हे कुणी ठरवायचं? संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर तासभर खेळणाऱ्याला गोष्ट पुढे न्यायची असते. त्याच मारामारीत चाळिसाव्यांदा हरण्यात त्याला काही रस नसतो. आणि ज्याच्या हाताला कंप आहे, ज्याला एकाच हाताने खेळावं लागतं, ज्याची नजर अधू आहे, त्याच्यासाठी ‘मार लागणार नाही’ ही सोय म्हणजे गेम खेळता येणं आणि न येणं यातला फरक आहे.

‘सेलेस्ट’ने (२०१८) हे फार समजुतीने केलं. मुळात तो गेम अतिशय अवघड. पण त्यात असिस्ट मोड आहे. गेमचा वेग १०० टक्क्यांवरून दहा-दहाने कमी करत ५० पर्यंत आणता येतो, दमसास अमर्याद करता येतो, मरणही बंद करता येतं. या गेम तपासणाऱ्याच्याच सोयी आहेत, फक्त सभ्य मेनूत बसवलेल्या. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’मध्ये (२०२०) अशा सोयी ६० हून अधिक आहेत. आडवं पडल्यावर शत्रूला दिसायचंच नाही, अशीही एक त्यात आहे. ते चालू केल्याने दुसऱ्या कुणाचं काहीही बिघडत नाही.

कन्सोल वापरला की ॲचिव्हमेंट्स बंद होतात. ते बरोबर आहे का?

तत्त्वतः हो. ॲचिव्हमेंट म्हणजे गेममधल्या कामगिरीबद्दल मिळणारा बिल्ला. तो जगाला दिसतो, तेव्हा तो कसा मिळवला याला अर्थ आहे. पण पद्धतीत फार फरक पडतो.

मला सगळ्यात प्रामाणिक पद्धत ‘फॅक्टोरिओ’ची वाटते. पहिल्यांदा आज्ञा दिली की ती चालतच नाही. आधी सूचना येते की यापुढे या सेव्हमध्ये ॲचिव्हमेंट्स मिळणार नाहीत, तरीही हवं असेल तर तीच आज्ञा पुन्हा द्या. माणसाला कळतं, तो विचार करतो, आणि मग स्वतः ठरवतो. ‘माइनक्राफ्ट’च्या बेडरॉक आवृत्तीतही चीट्स चालू करताना बजावलं जातं. एकदा चालू केले की त्या जगापुरत्या ॲचिव्हमेंट्स कायमच्या गेल्या, मागाहून बंद करून उपयोग नाही.

बेथेस्डाच्या ‘स्कायरिम’मध्ये कन्सोल वापरला तरी ॲचिव्हमेंट्स मिळत राहतात, त्याच कंपनीच्या ‘स्टारफील्ड’मध्ये (२०२३) बंद होतात. माझी खरी तक्रार इथे आहे. कंपनीच्याच बगमुळे अडकलेलं पात्र हलवायला एक आज्ञा दिली, तर शिक्षा खेळणाऱ्याला का? अडकलेल्या जागेतून सुटणं, पात्र पुन्हा उभं करणं, क्वेस्ट मागच्या टप्प्यावर नेणं अशा निव्वळ दुरुस्तीच्या आज्ञा वेगळ्या काढाव्यात आणि त्यांना दंड नसावा. सोनं मागणं आणि खड्ड्यातून बाहेर येणं हे एकाच मापाने मोजू नये.

डेव्हलपरांना यातून काही मिळतं का?

पुष्कळ. २००२ साली ‘वॉरक्राफ्ट ३’ विकताना ब्लिझर्डने नकाशे बनवायचा एडिटर सोबत दिला. खेळणाऱ्यांनी त्यात ‘डोटा’ नावाचा नकाशा घडवला, आणि आज ‘डोटा २’ किंवा ‘लीग ऑफ लेजेंड्स’ खेळली जाते ती सगळी त्याची संतती. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा १९९९ साली ‘हाफ-लाइफ’वर दोन हौशी पोरांनी बनवलेला मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करून केलेला नवा प्रकार. ‘हाफ-लाइफ’ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्या दोघांनाच कामावर घेतलं. पुण्या-मुंबईच्या कॅफेत रात्र-रात्र चाललेला ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ अशा उघड्या ठेवलेल्या दारातून आला.

दार बंद ठेवलं तरी लोक शोधतातच. ‘बाल्डर्स गेट ३’ला २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अधिकृत मॉडिंगची साधनं मिळाली. त्यात नकाशांचा एडिटर मुद्दाम झाकलेला होता. मॉड बनवणाऱ्यांनी तो काही दिवसांत उघडला.

मग कंपन्या का देत नाहीत?

काही कारणं रास्त आहेत. मोड उघडा ठेवला की तोही तपासावा लागतो, तक्रारींचा निपटारा करावा लागतो, अर्धवट राहिलेला आणि वगळलेला मजकूर लोकांना दिसतो. शेवटच्या भीतीला इतिहास आहे. ‘जीटीए सॅन अँड्रियास’मध्ये (२००४) बंद करून ठेवलेला एक प्रौढांसाठीचा प्रसंग डिस्कवर तसाच राहिला होता. २००५ साली तो एका मॉडने उघड केला, अमेरिकेतल्या मानांकन मंडळाने गेमला थेट ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का दिला आणि मोठ्या दुकानांनी तो फळीवरून काढला. पण यातून घ्यायचा धडा असा की जे विकायचं नाही ते डिस्कवर ठेवू नये. सगळ्यांचा कन्सोल बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणि एक कारण रास्त नाही, पण आज तेच सगळ्यात वजनदार आहे. ते म्हणजे पैसा. वीस वर्षांपूर्वी जो चीटकोड फुकट होता, तो आता विकला जातो. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ (२०१८) हा एकट्याने खेळायचा गेम, तरी पात्राची प्रगती जलद करणारा बूस्टर दुकानात खऱ्या पैशांना होता. ‘शॅडो ऑफ वॉर’मध्ये (२०१७) सैन्य वाढवायला पैसे देऊन पेट्या घेता यायच्या. लोक इतके संतापले की २०१८ च्या जुलैमध्ये ते दुकानच काढावं लागलं. ज्या गेममध्ये वेळ वाचवणं विकायचं असतं, त्यात वेळ वाचवणारी आज्ञा फुकट कशी देणार? कंपनी ‘गेमचा तोल बिघडेल’ असं म्हणते, तेव्हा आधी तिचं दुकान बघून या.

ऑनलाइन खेळताना का नको?

कारण तिथे तुमच्या सोयीची किंमत दुसरा माणूस मोजतो. भिंती पारदर्शक करणारी आज्ञा एकट्याच्या नकाशात सरावाला उपयोगी आहे, समोर जिवंत प्रतिस्पर्धी असेल तर ती सरळ लबाडी आहे.

व्हॉल्व्हच्या गेममधली व्यवस्था इथे आदर्श म्हणावी अशी आहे. कन्सोल सगळ्यांना उघडता येतो. माऊसचा वेग, फ्रेमचे (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचे) आकडे, नेटवर्कची स्थिती असल्या आज्ञा कुणीही द्याव्यात. पण भिंतीतून आरपार नेणारी ‘नोक्लिप’ किंवा भिंतीपलीकडची पात्रं दाखवणारी ‘आर ड्रॉ अदर मॉडेल्स’ यांसारख्या आज्ञांवर खूण केलेली असते. सर्व्हरवर ‘एसव्ही चीट्स १’ चालू असल्याशिवाय त्या चालत नाहीत, आणि ते चालू करणं सर्व्हरवाल्याच्या हाती. ‘व्हॅलहाइम’मध्येही तसंच, आज्ञा सर्व्हरच्या ॲडमिनला.

निरुपद्रवी दिसणाऱ्या सोयीही मधूनच फसवतात. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’मध्ये ‘डेव्हलपर १’ अशी आज्ञा होती. ती दिली की सेकंदाला १०० फ्रेमची मर्यादा उठायची, आणि त्या इंजिनात हालचालीचं गणित फ्रेमला बांधलेलं असल्यामुळे उड्यासुद्धा बदलायच्या. अनेक लीगच्या नियमांत ती म्हणूनच बंद होती. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत एफ३ दाबून दिसणारा आकड्यांचा पडदा घ्या. त्यातला गोल आलेख वाचून इतर खेळाडूंचे लपवलेले तळ शोधणारे लोक आहेत. कशालाही हात न लावता फक्त माहिती दाखवणारा पडदासुद्धा हत्यार होतो, त्यामुळे ‘मी काही बदलत नाही, फक्त बघतो’ हा युक्तिवाद ऑनलाइन टिकत नाही.

सीमारेषा सरकतही राहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये एका कळीवर अनेक हालचाली बांधायला अधिकृत सर्व्हरवर मनाई केली. ज्यांनी वर्षानुवर्षं कन्सोलमधून तशा कळा बांधल्या होत्या ते नाराज झाले. मला तो निर्णय योग्य वाटतो. अचूक वेळी बोट उचलणं हेच जिथे कौशल्य आहे, तिथे ते मशीनवर सोपवता येत नाही.

बीजीएमआय किंवा फ्री फायरमध्ये डेव्हलपर मोडने फुकट यूसी, डायमंड मिळतात का?

नाही. कुठल्याही मार्गाने नाही. यूसी आणि डायमंड हे या गेममधलं चलन, आणि त्याची शिल्लक तुमच्या फोनमध्ये नसतेच, ती कंपनीच्या सर्व्हरवर असते. फोनमधला आकडा बदलला तरी ते पासबुकावर पेनने शून्य वाढवल्यासारखं आहे, बँकेतली रक्कम तेवढीच राहते.

‘अनलिमिटेड यूसी’ म्हणून येणारी लिंक तुमचा लॉगिन मागते, नाहीतर बाहेरची एपीके (ॲपची) फाइल टाकायला लावते. पहिल्यात आयडी जातो. दुसऱ्यात फोनमधले मेसेज, म्हणजे ओटीपीही, परक्याच्या हाती जाऊ शकतात. पालकांनी मुलांना हे एकदा शांतपणे दाखवून द्यावं, कारण या सापळ्यात मुलंच जास्त सापडतात आणि फोन बहुधा आईबाबांचा असतो.

सेटिंग्जमधले डेव्हलपर ऑप्शन्स म्हणजे हेच का?

नाही. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केल्यावर दिसणारे पर्याय फोनचे असतात, ॲप बनवणाऱ्यांसाठी. त्यांचा गेममधल्या आज्ञांशी संबंध नाही. काही बँकांची ॲप्स ते चालू असताना उघडतही नाहीत. काम झालं की बंद करा.

असं करणं बेकायदेशीर आहे का?

गेममध्येच दिलेली आज्ञा वापरण्यात बेकायदेशीर काही नाही. बाहेरच्या साधनांवर मात्र कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. कार्ट्रिजला जोडून जीव वाढवणाऱ्या ‘गेम जिनी’विरुद्ध निन्टेंडो लढली आणि १९९२ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयात हरली. ग्राहकाने स्वतःच्या मजेसाठी गेमचं वागणं तात्पुरतं बदलण्याने कॉपीराइट मोडत नाही, असा तो निकाल. युरोपात सोनीने डेटेल कंपनीच्या, पीएसपी या हातात धरायच्या गेम मशीनवरच्या अशाच साधनावर दावा लावला. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की प्रोग्रामच्या कोडला हात न लावता फक्त मेमरीतले बदलते आकडे बदलले, तर तो संगणक प्रोग्रामच्या कॉपीराइटचा भंग नाही.

ऑनलाइन गेमचं खातं वेगळं. तिथे तुम्ही अटी मान्य केलेल्या असतात आणि अट मोडली तर आयडी बॅन होतो. दक्षिण कोरियात तर ऑनलाइन गेमसाठी चीट बनवून वाटणं हा गुन्हाच आहे.

आमचा मुलगा माइनक्राफ्टमध्ये सगळं कमांड देऊन करतो. काळजी करावी का?

तो एकट्याच्या जगात करत असेल तर मुळीच नको. आज्ञा बरोबर लिहावी लागते, तीन अक्षांवरचे आकडे समजावे लागतात, चूक झाली तर शोधावी लागते. आज्ञा आपोआप चालवणारे कमांड ब्लॉक जोडून दार आपोआप उघडणारं घर त्याने केलं असेल, तर त्याला ते तुम्हाला समजावून सांगायला लावा. तो किती शिकलाय ते तिथे कळेल. मित्रांच्या सर्व्हरवर सगळ्यांना न विचारता करत असेल तर मात्र बोला, कारण तिथे इतरांचे कष्ट आहेत.

मी टिल्ड दाबतो, पण कन्सोल उघडतच नाही.

आधी भाषा बघा. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट मांडणी चालू राहिली असेल तर त्या कळीवर वेगळं अक्षर असतं आणि गेमला ती कळ ओळखू येत नाही. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबा, इंग्रजी मांडणीवर या आणि पुन्हा करून बघा. आज्ञाही रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात.

‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये सेटिंग्जच्या गेम या भागात डेव्हलपर कन्सोल आधी चालू करावा लागतो, तो मुळात बंद असतो. ‘व्हॅलहाइम’मध्ये स्टीमच्या लाँच ऑप्शन्समध्ये एक उणे चिन्ह आणि त्याला लागून ‘कन्सोल’ हा शब्द रोमनमध्ये लिहा, गेम सुरू करून एफ५ दाबा, आणि मग ‘डेव्हकमांड्स’ टाइप करा. लॅपटॉपवर एफ५ दाबल्याने आवाज किंवा उजेड बदलत असेल तर सोबत एफएन कळ धरा.